घरी कामाला येणाऱ्यांना "लस घेतलीये का" विचारावं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घरात एक महिन्याचं बाळ आहे, सासूबाईंची केमो चालू आहे, आणि रोज बाहेरची माणसं घरात येतात: सासूबाईंसाठी दिवसभराची अटेंडंट, आठवड्यातून दोनतीनदा फिजिओथेरपिस्ट, स्वयंपाकाच्या ताई, मधूनच प्लंबर नाहीतर एसीवाला. या सगळ्यांना लस घेतलीये का असं विचारणं बरं दिसतं का, राग आला तर काय, आणि कोणी नाही म्हणालं तर काढून टाकायचं का. मी फॅमिली डॉक्टर आहे आणि घरी पडून असलेल्या पेशंट्सचं काम माझ्याकडे बरंच असतं, त्यामुळे हा प्रश्न मला सतत येतो, कोविडनंतर तर फारच.

आधी सरळ उत्तर देऊन टाकते. अटेंडंटला आणि फिजिओला विचारा, बिनधास्त विचारा. स्वयंपाकाच्या ताईंना विचारलंत तरी चालेल पण त्यांच्या बाबतीत महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. प्लंबरला विचारू नका, काही उपयोग नाही. आणि या सगळ्याच्या आधी घरात बसून एक गोष्ट ठरवा, की आजारी असल्यामुळे कोणी एखाद्या दिवशी आलं नाही तर त्या दिवसाचे पैसे तुम्ही देणार की कापणार. लशीच्या प्रश्नापेक्षा याने जास्त फरक पडतो असं माझं स्पष्ट मत आहे, का ते खाली येईलच, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिली अडचण अशी की "लस घेतलीये का" हा एक प्रश्नच नाहीये. कुठली लस? २०२१ पासून लोकांच्या डोक्यात लस म्हणजे कोविडची असं पक्कं बसलंय, आणि समोरचा पण तेच समजून "हो, दोन्ही डोस झालेत" म्हणतो आणि विषय संपतो. पण कोविडच्या लशीचं इन्फेक्शनपासूनचं संरक्षण काही महिन्यांत बरंच उतरतं, गंभीर आजारापासूनचं त्यामानाने जास्त टिकतं. म्हणजे २०२१ मधले दोन डोस हे त्या माणसाच्या स्वतःच्या तब्येतीसाठी चांगलंच झालं, पण आज तो तुमच्या सासूबाईंना काही देणार नाही याची खात्री त्यातून मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं सांगितलं, तरी लोक अजून ते जुनं सर्टिफिकेट मोबाईलमध्ये शोधत बसतात आणि दाखवल्यावर दोघांनाही बरं वाटतं, बाकी काही होत नाही.

त्यामुळे मी पेशंटच्या घरच्यांना उलट प्रश्न विचारते की तुम्हाला नेमकी कशाची भीती आहे आणि कोणासाठी. तुमच्या घरात दोन माणसं जपायची आहेत आणि दोघांची भीती वेगळी आहे.

बाळाचं बघू. एक महिन्याच्या बाळासाठी मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती डांग्या खोकल्याची. मोठ्या माणसाला तो नुसता रेंगाळलेला खोकला वाटतो, आठवडेच्या आठवडे चालतो, लोक वेगवेगळी सिरप पीत राहतात. तान्ह्या बाळाला तोच जीवघेणा होऊ शकतो, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) इतक्या लहान बाळाला कधीकधी खोकला येतच नाही, मध्येच श्वास थांबतो, बाळ निळं पडतं, तेच पहिलं लक्षण असतं. बाळाची स्वतःची लस सहा आठवड्यांपासून पुढे सुरू होते, काही देशांत दोन महिन्यांपासून, आणि पहिल्या डोसने पुरतं संरक्षण येत नाही. म्हणून आता भर आहे आईला गरोदरपणात लस देण्यावर, साधारण २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान टीडॅप, म्हणजे धनुर्वात घटसर्प आणि डांग्या खोकला तिन्हीची एकत्र लस. आईच्या अँटिबॉडीज नाळेतून बाळाकडे जातात. ब्रिटनमध्ये २०१२ साली साथ आली, तान्ही बाळं दगावली, त्यानंतर तिथे हे सुरू झालं आणि लहान बाळांमधलं प्रमाण खूप खाली आलं. तर पहिला प्रश्न अटेंडंटला नाही, तुम्हाला आहे: तुम्ही घेतली होतीत का? घेतली असेल तर बाळाचं निम्म्याहून जास्त काम तुम्ही आधीच करून ठेवलंय.

आता कोणी म्हणेल मग आजूबाजूच्या सगळ्या मोठ्यांनी टीडॅप घेतली की बाळ सुरक्षित. हे असंच वाटत होतं बरीच वर्षं, बाळाभोवती लस घेतलेल्या माणसांचं कडं करायचं. करावं, मी पण सांगते घरच्यांना, पण त्यावर विसंबून राहू नये. एक तर ही लस काही वर्षांत उतरते. दुसरं म्हणजे २०१३ मध्ये बबून माकडांवरचा एक अमेरिकन प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात सध्याची अ‍ॅसेल्युलर लस (अख्खा जंतू नाही, त्याचे काही भागच वापरलेली) घेतलेली माकडं स्वतः आजारी पडली नाहीत पण जंतू त्यांच्या घशात राहिला आणि त्यांनी तो दुसऱ्यांना दिलासुद्धा. माणसात अगदी तसंच्या तसं होतं असा याचा अर्थ नाही, पण "लस घेतलीये म्हणजे याच्यापासून लागण होणार नाही" हे गणित इतकं सरळ नाहीये एवढं तरी कळतं.

गोवराचं मात्र गणित सरळ आहे. दोन डोस झाले असतील तर जवळजवळ ९७ टक्के संरक्षण, आणि ते बहुतेकांना जन्मभर पुरतं. आणि गोवर पसरतो इतका भयंकर की माणूस खोलीतून निघून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, शिवाय पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून तो माणूस लागण देत असतो, म्हणजे "आज बरं वाटतंय का" या प्रश्नाने गोवर पकडता येत नाही. इथे लशीचा प्रश्न खरंच कामाचा. आपल्या भागात साथ चालू असेल तर हा प्रश्न सगळ्यात वर घ्या, नसेल तर थोडा खाली गेला तरी चालेल. हे असं परिस्थितीवर अवलंबून आहे, एक उत्तर सगळ्या महिन्यांना लागू होत नाही.

सासूबाईंसाठी यादी थोडी बदलते. फ्लू, कोविड, कांजिण्या, आणि ज्याच्यावर लसच नाही असं साधं सर्दीपडसं. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, ज्या वर्षी विषाणूशी जुळते त्या वर्षी साधारण ४० ते ६० टक्के काम करते, घेतल्यावर दोन आठवडे लागतात. काही लोक म्हणतात निम्मीच चालते तर कशाला, पण बारा बारा तास शेजारी बसणाऱ्या माणसात निम्मा धोका कमी होणं म्हणजे खूप झालं. आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, त्यामुळे त्याच्यासाठीही आजूबाजूच्यांनी घेणं हाच मार्ग. कांजिण्यांचं असं की अटेंडंटला लहानपणी होऊन गेल्या असतील किंवा लस झाली असेल तर प्रश्न मिटला, पण तिच्या घरी लहान मूल असेल आणि त्याला कांजिण्या आल्या तर तिने सांगायला हवं. नागीण झालेल्या माणसाकडूनही ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला त्या होऊ शकतात, फोडांमधल्या पाण्यातून, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

बीसीजीचं एवढ्यात कोणीतरी विचारेल म्हणून सांगते. दंडावरचा तो व्रण बघून काही ठरवू नका. बीसीजी लहान मुलांना टीबीच्या गंभीर प्रकारांपासून, मेंदूज्वरापासून वाचवते, पण मोठ्या माणसाला फुफ्फुसाचा टीबी होणार नाही याची हमी देत नाही. त्यामुळे तिथे प्रश्न एकच, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का.

आता ते मघाचं, पैसे कापण्याचं.

माझ्या एका पेशंटकडे, वयस्कर बाई, खुब्याचं हाड मोडून घरी पडून होत्या, तिथे एजन्सीकडून आलेली अटेंडंट होती. कामाला फार चांगली. फाईलमध्ये तिची सगळी कागदं, लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स शिक्क्यासकट, घरच्यांनी मला कौतुकाने दाखवली. मी पेशंटचं बीपी घेत होते तेवढ्यात बाथरूममधून नळाचा जोरात आवाज, बराच वेळ, आणि त्या आवाजाखाली कोणीतरी खोकतंय. एकामागून एक, दम लागेपर्यंत, मग उलटी काढल्यासारखा आवाज. बाहेर आली तेव्हा डोळे लाल, तोंडात आल्याची गोळी. मी विचारलं किती दिवस, तर आधी "धुळीचा आहे मॅडम", मग दोन मिनिटांनी खरं सांगितलं की तीन आठवडे होत आले. रात्री झोप नाही. नळ यासाठी सोडायची की घरच्यांनी ऐकलं तर घरी बसवतील आणि न आलेल्या दिवसाचा पगार नाही. डांग्या खोकलाच निघाला, नाकातून घेतलेल्या नमुन्याच्या पीसीआरमध्ये. लहानपणी सगळ्या लशी झाल्या होत्या, कार्ड अगदी खरं होतं, पण त्याला वीस वर्षं उलटून गेली होती. पेशंटलाही लागण झाली, अँटिबायोटिक्स वगैरे होऊन बऱ्या झाल्या पण ते खोकणं आणि मोडलेलं हाड दोन्ही एकदम म्हणजे काय हाल झाले असतील बघा.

त्या घरात लशीचा प्रश्न नीट विचारला गेला होता, खरं उत्तर मिळालं होतं, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. कारण "तुला खोकला आहे का" याचं खरं उत्तर देणं तिला परवडणारं नव्हतं. ज्या प्रश्नाच्या एका उत्तराला पगार जातो त्या प्रश्नाला लोक तेच उत्तर देतात ज्याने पगार राहतो, यात कोणाचं वाईट असण्याचा संबंध नाही, तुम्ही मी तेच करू. म्हणून मी आता घरोघरी सांगते की आधी तोंडाने स्पष्ट बोला: ताप, खोकला, जुलाब, अंगावर पुरळ, डोळे आले, काहीही असेल तर सकाळी फोन करा, येऊ नका, पैसे मिळतील. आणि पहिल्यांदा कोणी खरंच फोन केला की कुरकुर न करता पैसे द्या. एकदा दिलेत की पुढे खरं कळत राहतं. महिन्याला एखाद्या दिवसाचा खर्च आहे हा, कोणी थोडा गैरफायदाही घेईल कधी, घेऊ दे, केमोच्या पेशंटची एक हॉस्पिटल अ‍ॅडमिशन कितीला पडते त्याच्याशी तुलना करा.

याचा अर्थ लशीचं विचारू नका असा नाही बरं का. विचारा, पण ज्याच्या उत्तराने तुम्ही काही वेगळं करणार असाल त्यालाच. मी घरच्यांना म्हणते की प्रश्न विचारायच्या आधी मनात उत्तर "नाही" धरा आणि मग काय करणार ते ठरवा. काहीच करणार नसाल तर विचारायचं कशाला, उगाच समोरच्याला खजील करायला?

या हिशोबाने तुमची माणसं बघू. किती जवळ, किती वेळ, आणि कोणाच्या जवळ, एवढंच बघायचं.

प्लंबर वीस मिनिटं येणार, बाथरूममध्ये काम करणार, जाणार. बाळाला आणि सासूबाईंना दुसऱ्या खोलीत ठेवा, दार लावा, खिडक्या उघडा, तो गेल्यावर थोडा वेळ हवा खेळू द्या. तो शिंकत खोकत असेल तर म्हणा दादा आज राहू दे, घरात आजारी माणूस आहे, दोन दिवसांनी या. त्याची लस झालीये की नाही याने यातलं काहीच बदलत नाही. उद्या दुसराच कोणी येईल, त्याला परत विचारणार का.

अटेंडंट एकदम दुसऱ्या टोकाला. दिवसभर, हातभर अंतरावर, जेवण भरवणं, अंग पुसणं, उठवून बसवणं. इथे विचारायचंच. फ्लूची या वर्षीची, कोविडची अलीकडची, गोवर आणि कांजिण्या यांचं लस किंवा होऊन गेल्याचं, आणि ती बाळाला पण घेणार असेल तर टीडॅप. माझा सल्ला मात्र असा की सासूबाईंच्या अटेंडंटने बाळाला घेऊच नये, दोन वेगळी माणसं नसतील तर बाळ घरच्यांकडे. दिवसभर पेशंटच्या शेजारी असलेल्या हातांनी मध्येच बाळ उचलायचं आणि परत पेशंटकडे जायचं, यात दोघांचंही नुकसान होऊ शकतं.

फिजिओ पाऊण तास, पण तो तोंडासमोर तोंड करून, आणि व्यायाम करताना दोघंही जोरात श्वास घेतात. शिवाय त्याच दिवशी तो पाचसहा घरी जाऊन आलेला असतो. विचारा, आणि उत्तर काहीही असलं तरी मास्क लावा म्हणा, व्यवस्थित बसणारा, नाकाखाली लोंबणारा नको. आजाऱ्यांमध्ये काम करणाऱ्या माणसाला हा प्रश्न नवा नसतो. खरं सांगायचं तर जो फिजिओ या प्रश्नाने भडकतो त्याच्या बाकीच्या सवयींबद्दल मला शंका येते, हे माझं वैयक्तिक मत.

स्वयंपाकाच्या ताई बाळाजवळ जात नाहीत, सासूबाईंजवळ बसत नाहीत, तर श्वासातून लागण होण्याचा धोका बेताचा. त्यांच्या हातून जाणारे आजार पोटाचे: जुलाब, टायफॉईड, ए प्रकारची कावीळ. टायफॉईडला आणि त्या काविळीला लस आहे, पण हात धुणं आणि पोट बिघडल्यावर न येणं याची जागा ती घेत नाही. मेरी मॅलन नावाची स्वयंपाकीण न्यूयॉर्कमध्ये होऊन गेली, "टायफॉईड मेरी" म्हणून प्रसिद्ध. तिला स्वतःला काही त्रास नव्हता, ठणठणीत होती, पण ती जिथे काम करायची त्या घरांत टायफॉईड निघायचा. १९०७ मध्ये तिला पकडून वेगळं ठेवलं, स्वयंपाक करणार नाही या अटीवर सोडलं, तिला दुसरं नीट पैसे देणारं काम मिळालं नाही, ती नाव बदलून परत स्वयंपाकच करायला लागली आणि १९१५ मध्ये एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात सापडली. मग मरेपर्यंत बंदिस्त. मला ही गोष्ट आठवते ती दरवेळी पगाराच्या मुद्द्यापाशीच. तर ताईंना सांगा की संडासला जाऊन आल्यावर आणि कच्चं मांस किंवा अंडी हाताळल्यावर साबणाने हात, पोट बिघडलं तर सुट्टी पगारी. सासूबाईंसाठी कच्चं काही नको, सगळं नीट शिजवलेलं.

(जाता जाता, टॅटू, दाताचा डॉक्टर, पार्लर याबद्दलही मला असंच विचारतात. तिथे बी प्रकारच्या काविळीची भीती असते, आणि तो विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातसुद्धा किमान सात दिवस तग धरतो. पण तो तुमच्यापर्यंत येतो तो बहुतेक आधीच्या गिऱ्हाईकाच्या रक्तातून, नीट निर्जंतुक न केलेल्या हत्यारावरून. तिथे विचारायचं ते सुई नवीन आहे का, ऑटोक्लेव्ह (वाफेने हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र) कुठे आहे, माझ्यासमोर पाकीट फोडा. काम करणाऱ्याची लस त्याच्या स्वतःच्या संरक्षणासाठी.)

विचारायचं कसं. बऱ्याच जणांचं इथे अडतं, कारण आपण सुरुवातच संशयाने करतो, "तुम्ही लस घेतलीये ना? नाही, म्हणजे घरात बाळ आहे म्हणून". क्रम उलटा करा. आधी आपली परिस्थिती, मग आपण काय केलंय, मग प्रश्न. मी घरच्यांना साधारण असं बोलायला सांगते: "आईंची केमो चालू आहे, त्यांची प्रतिकारशक्ती या दिवसांत फार कमी असते. आम्ही घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घेतलीये. तुमची या वर्षीची झालीये का? नसेल तर आम्ही करून देऊ, खर्च आमचा." एवढंच. मोठ्या आवाजात नाही, बाकीच्यांसमोर नाही, आणि कामाच्या पहिल्या दिवशी नाही तर त्याच्या आधी, ठरवतानाच. एजन्सी असेल तर त्यांनाच लेखी विचारा की तुमच्या स्टाफच्या कुठल्या लशींची नोंद तुम्ही ठेवता, "सगळं झालंय" हे उत्तर घेऊ नका, नाव आणि महिना मागा.

आणि "का नाही घेतली" हे विचारू नका. यावर मी अगदी ठाम आहे. गोवर आणि कांजिण्यांच्या लशी गरोदरपणात देत नाहीत, काही आजारांत आणि औषधांवर पण देत नाहीत. समोरच्या बाईला नुकतेच दिवस गेले असतील आणि तिने अजून घरीसुद्धा सांगितलं नसेल, आणि तुम्ही बैठकीत उभं करून कारण विचारताय. तुम्हाला हो किंवा नाही पुरतं.

बहुतेक मोठ्या माणसांकडे लहानपणीचं काही रेकॉर्ड नसतं, "झाल्या असतील, आईला माहीत" हेच उत्तर येतं, तुमच्याकडे तरी तुमचं आहे का? फ्लूचं सोपं आहे, परत द्यायची. गोवराची एक जादा मात्रा मिळाल्याने काही बिघडत नाही, त्यामुळे माहीत नसेल आणि ती गरोदर नसेल, तर डॉक्टरकडे जाऊन घेऊन टाकायची. रक्त तपासूनही बघता येतं पण दरवेळी त्याची गरज नसते. लस घेतल्यावर संरक्षण यायला साधारण दोन आठवडे जातात, ते धरून तारखा ठरवा.

इथे एक शंका नेहमी येते, की जिवंत विषाणूची लस घेतलेला माणूस केमोच्या पेशंटजवळ चालतो का. गोवर गालगुंडाची लस घेतलेल्याकडून धोका नाही. कांजिण्यांची लस घेतल्यावर अंगावर पुरळ उठलं तर ते जाईपर्यंत लांब राहायचं. बाळाला रोटाव्हायरसची लस मिळाली की काही दिवस त्याच्या शीतून विषाणू जातो, तर डायपर बदलल्यावर हात नीट धुवायचे आणि सासूबाईंनी डायपर बदलायचा नाही. बाळाला तोंडावाटे पोलिओचे थेंब द्यायचे असतील तर घरात केमो चालू आहे हे बाळाच्या डॉक्टरांना आधी सांगा, इंजेक्शनचा पर्याय असतो. या कारणाने बाळाच्या लशी लांबवू मात्र नका.

कोणी नाही म्हणालं तर? काढून टाकणं हे शेवटचं. आधी काम बदला. तीच व्यक्ती बाहेरची कामं, कपडे, औषधं आणणं हे करू शकते का, मास्क लावून आणि खिडकी उघडी ठेवून चालेल का, हे बघा. पण अटेंडंट आहे, रोज बारा तास जवळ, काहीच घ्यायचं नाही म्हणते आणि मास्कलाही तयार नाही, तर मी म्हणेन दुसरी बघा, केमोच्या काळापुरती तरी. ते सांगतानाही रीतसर मुदत आणि ठरलेले पैसे द्या, आणि ती कशी अडाणी वगैरे बोलत बसू नका. आणि तिने काय उत्तर दिलं हे ग्रुपवर टाकू नका, कार्डाचे फोटो शेजारणीला पाठवू नका. तिची तब्येतीची माहिती तुम्हाला एका कामापुरती सांगितलीये.

कायद्याचं एक. "असं विचारणं बेकायदा आहे" म्हणणारे भेटतात, अमेरिकेतल्या हिपा कायद्याचं नाव फेकतात. तो कायदा हॉस्पिटल, डॉक्टर, विमा कंपन्या यांनी पेशंटची माहिती कशी सांभाळायची याचा आहे, तुम्ही घरी येणाऱ्या माणसाला प्रश्न विचारण्याला तो लागू होत नाही, हे तिथल्या आरोग्य खात्याने २०२१ मध्ये स्वतःच स्पष्ट केलंय. उलट बाजूने, भारताच्या सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये सांगितलं की कोणालाही जबरदस्तीने लस देता येत नाही. दोन्ही एकत्र ठेवलं की चित्र साधं आहे: तुम्ही विचारू शकता, तो उत्तर न द्यायला मोकळा आहे, आणि तुम्ही दुसरा माणूस बघायला मोकळे. तुम्ही स्वतः एजन्सी किंवा क्लिनिक चालवत असाल आणि लोकांची अशी माहिती साठवत असाल तर नियम वेगळे, तेव्हा वकिलाला विचारा.

आणि तेही तुम्हाला विचारू शकतात हं. अटेंडंटच्या घरी दम्याची आई असू शकते, आणि तुमच्याकडून फ्लू ती घरी नेऊ शकते. तुमच्या घरात कोणाला ताप आला तर तुम्ही तिला सकाळी फोन करून सांगता का? ते पण सुरू करा.

आता नातेवाईक. बाहेरच्यांची चौकशी करता करता घरच्यांचं राहून जातं, आणि खरी गोम तिथेच आहे. तान्ह्या बाळांना डांग्या खोकला कोणाकडून लागतो याचा अभ्यास झालाय, बहुतेक वेळा घरातल्याच माणसाकडून लागतो, अमेरिकेतल्या अलीकडच्या पाहणीत तर भावंडं सगळ्यात वर आली. एसीवाल्याने कधी बाळाचा पापा घेतलेला मी बघितला नाही, आत्या मावश्या काका सगळे घेतात, नाक गळत असलं तरी घेतात, आणि त्यांना बोलायची कोणाची हिंमत नसते. नियम सगळ्यांना एकच ठेवा, मग अटेंडंटलाही तो अपमान वाटत नाही, कारण तिला दिसतं की तुमच्या दिरालासुद्धा दारातच सर्दी आहे का विचारलं गेलं.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, औषधाप्रमाणे थोडं पुढेमागे होतं, तुमच्या ऑन्कोलॉजिस्टकडून नेमके दिवस लिहून घ्या. त्या दिवसांत दुरुस्तीची कामं ठेवू नका, पाहुणे नकोत, फिजिओ पुढे ढकलता येत असेल तर तेही डॉक्टरांना विचारून ढकला. सासूबाईंच्या स्वतःच्या लशींचंही त्यांनाच विचारा, केमो चालू असताना जिवंत लस चालत नाही, फ्लूची इंजेक्शनवाली चालते पण कधी द्यायची ते ते ठरवतील. आणि थर्मामीटर दोन ठेवा, एक बाळाचा एक त्यांचा. दोघांनाही आकडा एकच लक्षात ठेवायचा: ३८ सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट. तीन महिन्यांखालचं बाळ असो की केमोचा पेशंट, तेवढा ताप दिसला की घरी गोळी देऊन वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरला फोन.

तुमच्या आत्ताच्या अटेंडंटचं म्हणाल तर तुम्ही लिहिलंय त्यावरून ती सहा महिने व्यवस्थित काम करतीये आणि फ्लूची लस घेतली नाही एवढाच प्रश्न आहे. काढू नका. या आठवड्यात तिच्याशी बोला, लस करून द्या, दोन आठवडे मास्क. केमोची पुढची तारीख आणि बाळाच्या पहिल्या लशीची तारीख कळवलीत तर कोणत्या आठवड्यात कोणाला बोलवायचं आणि कोणाला नाही हे मी खाली लिहून देते.